साठ वर्षं उशिरा आलेला ब्रेक

पनवेलच्या माणसाला ब्रेकचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गाव वसलंय ते ठिकाणच तसं आहे. पुण्याकडे निघालात तर खोपोली ओलांडली की बोरघाट. गोव्याकडे निघालात तर पळस्पे फाटा सोडून जरा पुढे जावं तो कर्नाळ्याची खिंड. मुंबईच्या दिशेला घाट नाही हे खरं, पण त्याची कसर कळंबोलीचे ट्रक भरून काढतात. त्यात चार महिने कोसळणारा कोकणातला पाऊस. त्यामुळे आमच्याकडे मुलगा गाडी शिकायला लागला की क्लच आणि गिअरच्या आधी उपदेश सुरू होतात.

हे उपदेश ठरलेले आहेत. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर." "पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करू नकोस." आणि तिसरा, सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला: "पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील."

पहिले दोन उपदेश आजही शंभर टक्के खरे आहेत. तिसरा मात्र अर्धा खरा आणि अर्धा घातक आहे. तो अर्धवट का आहे हे शोधताना मला मोटरसायकलच्या एबीएसचा इतिहास सापडला. वाटलं होतं हा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला इलेक्ट्रॉनिक चमत्कार असेल. निघाला आपल्या आजोबांच्या काळातला. म्हटलं लिहावं, कारण आपल्या घराघरांतली पोरं आज या गाड्या चालवतायत.

आधी तो तिसरा उपदेश घेऊ.

ब्रेक मारला की गाडीचा सगळा भार पुढे येतो. एसटीत उभे असाल आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण कुठे जातो? पुढच्या सीटवरच्या काकूंच्या अंगावर. गाडीच्या वजनाचंही तसंच होतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. ज्या चाकावर भार जास्त त्याची पकड जास्त, म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं साधारण सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. मागचा ब्रेक एकटाच वापरला तर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. म्हणजे "पुढचा मारू नकोस" हे ऐकणारा मुलगा आपल्या गाडीचा चांगला ब्रेक बाजूला ठेवून कामचलाऊ ब्रेकवर जगत असतो.

मग आपले वडीलधारे वेडे होते का? मुळीच नाही. त्यांनी माणसं पडलेली पाहिली होती. पुढचं चाक जाम झालं की मोटरसायकल पडते, आणि सावरायला वेळ देत नाही.

का पडते, याचं उत्तर आपण सगळे सायकल शिकताना शिकलोय. मागून सीट धरून पळणारा दादा काय ओरडायचा? "जिकडे पडतोयस तिकडे हँडल वळव!" दुचाकी तोल सांभाळते ती अशीच, पुढचं चाक सतत थोडं थोडं इकडेतिकडे वळवून. पण चाक वळवून उपयोग व्हायचा तर ते फिरत असायला हवं. फिरणाऱ्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी जमिनीवर स्थिर असतो, घट्ट धरून असतो. चाक जाम झालं की टायर धरायचं सोडून घसरायला लागतो. घसरणाऱ्या रबराची पकड कमी होते, आणि बाजूला धरून ठेवण्याची ताकद तर जवळपास संपतेच. चारचाकी जाम चाकांवर निदान सरळ घसरत जाते. दुचाकी आडवी होते.

आता यातली खरी गंमत. जास्तीत जास्त ब्रेक लागतो तो चाक पूर्ण मोकळं असताना नाही आणि पूर्ण जाम झाल्यावरही नाही. तो लागतो मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. गाडी ज्या वेगाने चाललीय त्याच्यापेक्षा चाक साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असतं, तेव्हा. त्याच्या अलीकडे राहिलात तर ब्रेक कमी पडतो, पलीकडे गेलात तर चाक जाम. कोरड्या रस्त्यावर हा पट्टा बोटांना थोडाफार सापडतो. ओल्या रस्त्यावर, समोर म्हैस आलेली असताना, तो सापडणं माणसाच्या हातात नाही. जुने ट्रक ड्रायव्हर ब्रेक दाबून-सोडून, दाबून-सोडून मारायचे ते हाच पट्टा शोधायला. एबीएस नेमकं तेच करतं, फक्त एका सेकंदात कितीतरी वेळा आणि न घाबरता.

थोडक्यात, एबीएस हे जास्त जोरात ब्रेक मारणारं यंत्र नाही. ते वेळेवर ब्रेक सोडणारं यंत्र आहे.

ही सोडण्याची कल्पना पहिल्यांदा सुचली ती रेल्वेवाल्यांना. आपल्या बोरघाटातून १८६३ साली गाडी सुरू झाली. सदतीस फुटांमागे एक फूट असा तिथला चढ. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर ती वळवायला डोंगरात चढत जाणाऱ्या आडवाटेच्या रुळांची सोय केलेली आहे, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड मुळातच कमी. ब्रेकने चाक जाम झालं की ते रुळावर घासत जातं, थांबायचं अंतर वाढतं आणि चाकाला एका जागी सपाट डाग पडतो. मग ते चाक दर फेऱ्याला ठोका देत राहतं. चाकं घसरू नयेत म्हणून रेल्वेसाठीचा एक नियंत्रक जे. ई. फ्रान्सिस नावाच्या माणसाने १९०८ मध्येच पुढे आणला होता.

पुढची पाळी विमानांची. धावपट्टीवर उतरताना विमानाचं चाक जाम झालं तर टायर फुटतो, आणि वैमानिकाला कोणतं चाक जाम झालंय ते वर बसून कळत नाही. फ्रान्सच्या गाब्रिएल व्हॉयझाँने १९२० च्या दशकात यावर प्रयोग केले. १९३६ मध्ये जर्मनीच्या बॉशने मोटारींच्या चाकांसाठी पेटंट घेतलं. पण ज्याला खरं यश म्हणावं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, इंग्लंडच्या डनलॉपच्या 'मॅक्सारेट'मध्ये.

मॅक्सारेटमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा एक कणही नव्हता. चाकाबरोबर फिरणारा एक छोटा ड्रम, त्याच्या आत एक जड चकती. चाक ठरावीक मर्यादेपेक्षा झटकन मंदावलं की ड्रम मंदावायचा, पण जड चकती आपल्या नादात पुढे फिरायची. दोघांच्या वेगात फरक पडला की त्या फरकानेच एक झडप उघडायची आणि ब्रेकचा दाब उतरायचा. चाक पुन्हा मोकळं फिरायला लागलं की झडप बंद, दाब परत. इतकं साधं.

आणि आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

१९५८ साली इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हे मॅक्सारेट एका मोटरसायकलला बसवून पाहिलं. मोटरसायकल कोणती? रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर. म्हणजे जिची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार व्हायला लागली होती, तीच कंपनी. चाचण्यांचा निकाल स्पष्ट होता. बहुतेक चाचण्यांत थांबायचं अंतर कमी झालं, आणि सर्वांत जास्त फायदा निसरड्या रस्त्यावर झाला. म्हणजे जिथे माणूस पडतो, नेमका तिथेच.

पण एनफिल्डचे तेव्हाचे तांत्रिक संचालक टोनी विल्सन-जोन्स यांना या यंत्रणेला फारसं भवितव्य दिसलं नाही. ती बाजारात आली नाही. विषय संपला.

विल्सन-जोन्स यांना इथून दगड मारणं सोपं आहे. ते मला करायचं नाही. यंत्र जड होतं, महाग होतं, आणि मोटरसायकल घेणारा माणूस मुळातच मोटार परवडत नाही म्हणून मोटरसायकल घेणारा. त्याच्याकडून जास्तीचे पैसे कुठून काढणार? धंद्याच्या हिशेबात त्यांचं चुकलं नसेलही. पण पुढची यादी पाहा, म्हणजे हा हिशेब कुणाकुणाच्या बाबतीत कसा सुटत गेला ते दिसेल.

१९६६ मध्ये मॅक्सारेट जेन्सन एफएफ या अतिमहाग ब्रिटिश मोटारीत आलं. तशा मोटारी एकूण बनल्या तीनशे वीस. १९७८ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. मोटरसायकलवर ते पहिल्यांदा विकत मिळालं १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेवर, आणि त्या यंत्रणेचं वजन होतं सुमारे अकरा किलो! (गाडीवर एक लहान मूल बसवल्यासारखंच की.) २०१० मध्ये बॉशने खास दुचाकींसाठी काढलेलं एबीएस सातशे ग्रॅमवर आलं. २०११ मध्ये भारतात टीव्हीएसची अपाची आरटीआर १८० एबीएससह आली. २०१३ मध्ये आपल्या चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक आली. आणि रॉयल एनफिल्डने भारतातल्या गिऱ्हाइकाला एबीएस असलेली क्लासिक ३५० दिली ती २०१८ मध्ये.

१९५८ ते २०१८. बरोबर साठ वर्षं. माणसाची साठीशांत होते एवढ्या काळात. २०२३ मध्ये सुपर मीटिऑर हे जुनंच नाव घेऊन नवी गाडी आली, तिच्या दोन्ही चाकांना एबीएस आहे. नाव तेच, कल्पनाही तीच.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? आपण ड्रम ब्रेकच्या चेतक आणि राजदूत चालवत होतो. ड्रम ब्रेक पावसात भिजला की आधी लागायचाच नाही आणि मग एकदम पकडायचा. वेग मात्र कमी होते. मग १९९९ ला हिरो होंडाची सीबीझी आणि २००१ ला बजाजची पल्सर आली. पुढच्या चाकाला डिस्क आणि मनगटात ताकद. पोरं हरखली. डिस्क ब्रेक उत्तमच, पण दोन बोटांनी चाक जाम करण्याची ताकद आता प्रत्येकाच्या उजव्या हातात आली, आणि चाक सोडण्याचं शहाणपण मात्र यंत्रात नव्हतं. त्या दशकात "पुढचा ब्रेक मारू नकोस" हा उपदेश आणखी घट्ट झाला तो यामुळे. लोक आपल्या परीने एबीएसची उणीव शब्दांनी भरून काढत होते.

आजचं एबीएस कसं चालतं तेही सांगून टाकतो. माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे आणि दर शनिवारी जुन्या हायवेने घरी येतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, खोपोलीच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. जोरात ब्रेक मारला तर लिव्हर बोटांखाली थरथरायला लागली. गाडीत बिघाड आहे का?" त्याला म्हटलं, बिघाड नाही बाबा, ती थरथर म्हणजेच ते यंत्र काम करतंय.

चाकाच्या बाजूला भोकं किंवा दाते असलेली एक चकती असते आणि तिच्याजवळ एक सेन्सर. किती दाते समोरून गेले ते मोजून तो चाकाचा वेग सांगतो. चाकाचा वेग अचानक, गाडीला शक्यच नाही इतक्या झपाट्याने उतरला, तर छोट्या संगणकाला कळतं की चाक जाम होतंय. मग दोन झडपांचं काम सुरू होतं. पहिली झडप आपल्या लिव्हरकडून येणारं ब्रेक ऑइल अडवते. आपण कितीही आवळलं तरी जास्तीचा दाब पुढे जात नाही. दुसरी झडप उघडून ब्रेकमधला दाब थोडा उतरवते, एक छोटा पंप ते ऑइल परत ढकलतो. चाक फिरायला लागलं की पुन्हा दाब. हा पंप आणि झडपा यांची जी धांदल चालते तीच बोटाला थरथर म्हणून जाणवते. मॅक्सारेटची जड चकती जे करत होती तेच, फक्त चकतीच्या जागी आकडेमोड आली.

भाच्याला दुसरी गोष्ट सांगितली ती इथेही सांगतो, कारण ती जिवाची आहे. थरथर सुरू झाली की घाबरून पुष्कळ लोक लिव्हर सोडून देतात. सोडायचं काम यंत्राचं आहे. आपण दोन्ही ब्रेक धरून ठेवायचे, नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची.

आणि यंत्राकडून काय अपेक्षा करायची नाही तेही माहीत हवं. एबीएस रस्त्याला पकड आणून देत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही, एवढंच. साधा हिशेब करा. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. बघून ब्रेक मारेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे एवढं अंतर गेलंच. पुढे चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण अठरा मीटर. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली तर पस्तीस. एबीएस असलं तरीही पस्तीस. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येतं तेव्हा त्याहूनही जास्त. खडीवर तर कधी कधी एबीएसने अंतर वाढतं, कारण जाम चाक खडीचा ढीग पुढे साचवून थांबतं आणि एबीएस त्याला जाम होऊ देत नाही. आणि वळणावर गाडी कललेली असताना पकडीचा मोठा वाटा वळण्यातच खर्च झालेला असतो, तिथे साध्या एबीएसला मर्यादा आहेत. कललेपणा मोजणारं एबीएस २०१३ पासून महागड्या गाड्यांवर आलंय, पण ते आपल्या बोरघाटात रोज भेटणाऱ्या गाड्यांवर नसतं.

आता कायद्याचं. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं (नव्या मॉडेलना एक वर्ष आधीपासून). अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, त्याला सिंगल चॅनल म्हणतात. काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण पाडतं ते मुख्यतः पुढचंच चाक. १२५ आणि त्याच्या खालच्या गाड्यांना सीबीएस पुरेसं मानलं गेलं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. ज्याला पुढच्या ब्रेकची भीती वाटते त्याला तो नकळत वापरायला लावणारी ही युक्ती आहे. पण चाक जाम होऊ लागलं तर सोडण्याची अक्कल सीबीएसकडे नाही.

आणि १२५ सीसीच्या खाली कोण असतं? पहाटे पनवेलच्या सोसायट्यांतून दूध टाकणारा. पेपरवाला. खालापूरहून एमआयडीसीत पाळीला येणारा कामगार, मागे बायको आणि मध्ये पोर. देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा मोठा वाटा याच गाड्यांचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली सुमारे पंचाहत्तर हजार दुचाकीवरची होती. २०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने या लहान गाड्यांनाही एबीएस सक्तीचं करण्याचा मसुदा काढला, तेव्हा पुन्हा किमतीचा वाद निघाला. १९५८ चाच वाद, फक्त पौंडांच्या जागी रुपये.

आमच्या पनवेलहून हे चित्र फार स्पष्ट दिसतं. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो. त्यावरून जाणाऱ्या मोटारींत एबीएस असतं, एअरबॅग असतात, भोवती पत्रा असतो. दुचाकींना त्या रस्त्यावर बंदी आहे, आणि वेग पाहता ती योग्यच आहे. दुचाकीवाला जातो जुन्या रस्त्याने, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली करत, ट्रक आणि एसटीच्या मधून. ज्याच्या अंगावर रेनकोटशिवाय काही नाही त्याच्या गाडीचा ब्रेक सर्वांत साधा.

त्याच जुन्या रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. आख्यायिका अशी की शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटातून जायची वाट दाखवली आणि मोबदल्यात त्याला गोळी मिळाली. अजूनही ड्रायव्हर तिथे गाडी हळू करून नाणं टाकतात. मला या प्रथेचं नेहमी कौतुक वाटतं. निदान त्या वळणावर तरी सगळ्यांचा वेग कमी होतो!

असो. ज्यांच्या घरात नवी गाडी येणार आहे त्यांना एवढंच सांगेन की रंग आणि अलॉय व्हील बघून झाल्यावर दोन्ही चाकांना एबीएस आहे का ते विचारा, आणि त्यासाठी चार पैसे जास्त पडले तर द्या. ज्यांची गाडी बिनाएबीएसची आहे त्यांनी रिकाम्या, कोरड्या मैदानात कमी वेगात पुढचा ब्रेक हळूहळू आवळत नेण्याचा सराव करा. झटका नाही, आवळणं. आणि पोरांना तो तिसरा उपदेश करताना जरा बदलून करा. "पुढचा मारू नकोस" म्हणू नका. "दोन्ही मार, पण पुढचा हळूहळू दाबत जा" असं म्हणा. चार शब्द जास्त आहेत, पण घाटात उपयोगी पडतील.